डॅशबोर्डवरची रिकामी बाटली

"काचबिंदू आहे," नाशिकचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. "ग्लॉकोमा. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. डाव्या डोळ्याची बरीच सुकलीय, उजव्याची थोडी. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते राखू."

मी म्हटलं, "बरं." बाहेर बाकावर बसून डब्यातली भाकरी खाल्ली. चव लागली नाही, रडूही आलं नाही.

मी दाभोसा ते जव्हार जीप चालवायचो. आमच्याकडे औषध संपलं की माणूस मेडिकलला जात नाही, रिकामी बाटली जाते. सकाळी ड्रायव्हरच्या हातात द्यायची, संध्याकाळी भरलेली घ्यायची. माझ्या डॅशबोर्डवर रोज तीनचार बाटल्या असायच्या. मला त्याचा कोण अभिमान!

सोनीमावशी माझ्या आईची बहीण. तिचा एक डोळा लहानपणीच काटा लागून गेलेला. दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा स्टेरॉइडचे थेंब लिहून दिले होते. स्टेरॉइड म्हणजे सूज उतरवणारं जोरदार औषध. दर आठवड्याला कमी करत बंद करायचं होतं. तो कागद हरवला, बाटली राहिली. धुळीने माझे डोळे लाल व्हायचे. मावशी म्हणाली, "माझा घाल ना डोल्यात. मस गार वाटतं."

घातले. लाली गेली. मग मी दोन बाटल्या आणायला लागलो, एक तिची, एक माझी. दोन वर्षं. चिठ्ठी कुणी मागितली नाही, मीही नेली नाही.

दुखलं काहीच नाही, हे मुद्दाम सांगतो. एकदा वळणावर डावा आरसा सागाला घासला. आठ दिवसांनी पुन्हा. बायको म्हणाली, "तुला त्या बाजूचा दिसत नाय काय?"

तपासणीत फील्ड टेस्ट झाली, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं ते बघणं. हनुवटी टेकवून पांढऱ्या पडद्याकडे बघायचं, ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी बराच वेळ नुसताच बसलो. मला वाटलं, मशीन बंद पडलं.

डॉक्टर म्हणाले, "दाब त्या थेंबांनीच वाढला. औषध वाईट नाही. ज्याला लिहिलं त्याने, सांगितलं तितकेच दिवस घालायचं. मधे डोळ्याचा दाब तपासायचा. मनाने सुरू नाही, मनाने बंदही नाही."

"आणि गाडी?"

"आता नाही."

ते ऐकतानाही काही वाटलं नाही. डोक्यात एकच होतं, मावशीचा एकुलता डोळा. तिची बाटली मीच पुरवत होतो.

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन गेलो. ती आत, मी बाहेर. दोन तास भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो, महिना कुठला ते कळत नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले. "दाब वाढलाय, पण नस शाबूत आहे. वेळेत आणलंत."

तेव्हा मी रडलो, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन. मावशी माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. तिला वाटलं, मी माझ्या डोळ्यांसाठी रडतोय.

आता मला दाब कमी करणारे थेंब जन्मभर घालायचे. जीप भाऊ चालवतो, मी शेजारी बसतो. सकाळी कुणी खिडकीतून बाटली पुढे करतं. मी म्हणतो, "बाटली नको, तू बस. डॉक्टरला दाखवून ये." लोक कुरकुरतात, भाताची कामं सांगतात. तरी मी सरकून जागा करतो. परवा एक जण खरंच चढला. डावीकडे कोण बसलंय, ते मला मान वळवून बघावं लागलं.