फुकटात मिळवलेलं पाचवं चाक

बटाट्याची गोणी थप्पीवरून सरकली आणि थेट माझ्या टेबलावर आली. टेबल म्हणजे खरं तर गाडीचं चाक. टायर न चढवलेलं अलॉय व्हील आडवं ठेवून त्यावर मी जाड गोल काच कापून घेतली होती. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातल्या माझ्या गाळ्यात जो येई तो चहाचा कप त्यावरच ठेवी, आणि मी त्याला सांगे, हे पाचवं. चाराच्या भावात पाच आणली.

काचेचा चुरा झाला. हमालाला शिव्या द्यायला उठलो आणि खाली बघून थांबलो. चाकाचा एक आरा तुटून बाजूला पडला होता. वाकला नव्हता, पिचला नव्हता, बिस्किटासारखा तुटला होता. मी तुकडा उचलला. वरून काळा चकचकीत, आत राखाडी रवाळ धातू, आणि त्यात बारीक भोकं, शिळ्या पावाला असतात तशी.

माझ्याकडचा सगळ्यात जुना हमाल जवळ आला. आम्ही दोघांनी एकेकाळी एकाच ट्रकवरून गोण्या उतरवल्या आहेत, त्यामुळे तो मला घाबरत नाही.

"शेठ, ह्ये तर पार ठिसूळ हाय," तो म्हणाला. "बाकीची चार कुटं हायेत?"

बाकीची चार माझ्या मुलीच्या गाडीला होती. घड्याळात पावणेबारा वाजले होते. सोमवार होता. दर सोमवारी ती साडेअकराला आमच्या उलव्याच्या घरातून निघते आणि एक्सप्रेस वेने पुण्याला, कामावर जाते; आठवडाभर तिकडेच राहते.

मी फोन लावला. तिनं उचलला नाही. तसा तर माझा फोन ती तीन आठवडे उचलतच नव्हती. मग तिच्या आईला लावला आणि म्हणालो, तिला फोन कर, गाडी बाजूला घ्यायला सांग, चाकं खराब आहेत. दोन मिनिटांनी बायकोचा उलटा फोन आला.

"नुसती रिंग वाजतेय. ती चालवताना घेत नाही ना. तुम्हीच शिकवलंय."

खरं होतं. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, कोणाचाही नाही, अगदी घराला आग लागली तरी नाही. हे मीच तिच्याकडून घोटवून घेतलं होतं.

एक आशा होती. घाट चढायच्या आधी खालापूरच्या फूड मॉलला ती थांबते. लहानपणी गावाकडे जाताना मी तिला तिथे वडा घेऊन द्यायचो, ती सवय राहिली आहे. बायकोला म्हटलं, मेसेज टाक, थांबली की बघेल. बाहेर माझा छोटा टेम्पो उभा होता, मागे तीस गोणी बटाटा. उतरवायला वेळ नव्हता. ड्रायव्हर जेवायला गेलेला. मी चाक आणि तुटलेला आरा शेजारच्या सीटवर टाकला आणि निघालो.

ती गाडी मी माझ्यासाठी घेतली होती. हमाली करायचो तेव्हा मार्केटच्या गेटवर एका व्यापाऱ्याची दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी उभी असायची. मी पाठीवर गोणी घेऊन तिच्या बाजूने जायचो, आणि घामाचा थेंब पडला तरी तो माणूस ओरडायचा. मी तेव्हाच ठरवलं होतं. पुढे गाळा झाला, फ्लॅट झाला, आणि पन्नाशी उलटल्यावर तशीच एक पिवळी गाडी मी तिसऱ्या मालकाकडून घेतली. मी ती महिनाभर चालवली. कंबर धरली. मग मुलीनं चालवून बघितली आणि उतरायलाच तयार होईना, म्हणून तिला दिली.

गाडीची मूळ चाकं दोन ठिकाणी वाकलेली होती. कंपनीच्या चाकांचा भाव ऐकून मी शोरूममध्येच हसलो होतो. तेवढ्यात कोणीतरी तुर्भ्याच्या मागच्या गल्लीतलं एक दुकान सांगितलं. हुबेहूब तीच डिझाइन, मधला बिल्लासुद्धा तोच, भाव पाचवा हिस्सा. मी गेलो. दुकानदार पोरसवदा होता, गोड बोलणारा. त्यानं पुढच्या मांडणीवरचा सेट दाखवला. मी भाव निम्मा केला. तो हात जोडून म्हणाला, जमत नाही. मी उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा बसलो. दोन तास. शेवटी तो म्हणाला, "सेठ, इस भाव में दूंगा, लेकिन फिर ये शो के लिए है. हायवे पे तेज मत चलाना."

मला वाटलं, भाव वाढवायची नवी युक्ती आहे. मी म्हणालो, "शो की चालवायला ते मी बघतो. आणि याच भावात पाचवं टाक, स्पेअरला."

त्यानं माझ्याकडे एकदा नीट बघितलं, आणि आत जाऊन माझा सेट घेऊन आला.

आत जाऊन घेऊन आला. मांडणीवरचा दिला नाही.

हे मला टेम्पो चालवताना, नेरूळ गेल्यावर आठवलं, आणि त्याचा अर्थ मला लगेच कळला. कारण हे मी रोज करतो. पंचवीस वर्षं करतोय. गिऱ्हाईक येतं, पुढची गोणी फोडून बघतं, कांदा चांगला असतो. मग भाव पाडायला लागतं. पाडत पाडत अशा ठिकाणी येतं की त्या भावात तो कांदा देणं शक्य नसतं. मी तोंडानं नाही म्हणत नाही. हमालाला नुसती मान हलवतो. तो आत जातो आणि मागच्या थप्पीतली गोणी आणून टेम्पोत टाकतो. गिऱ्हाईक जिंकल्यासारखं हसत जातं. मार्केटात ही काही लबाडी धरत नाहीत. भाव तू ठरवलास, माल मी ठरवला. पण दोन तास घासाघीस करताना समोरचा माझ्याशी माझंच काम करतोय हे मला दिसलं नाही. कांद्यात दिसलं असतं. चाकं मी वाजवून बघितली होती, नारळासारखी.

कळंबोलीला ट्रकांच्या रांगेत अडकलो. बायकोला फोन केला.

"मेसेज पोचलाय, वाचला नाहीये," ती म्हणाली. आणि मग, "तुम्ही तिला काय बोलला होतात त्या दिवशी?"

"तुला माहितीये काय बोललो."

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मी फोन ठेवला.

तीन आठवड्यांपूर्वी मुलगी म्हणाली होती, "पप्पा, नव्वदच्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरतंय. चाकं एकदा दाखवून घेऊ." मी सोसायटीच्या खाली, वॉचमन आणि दोन शेजारी ऐकत असताना म्हणालो, तुला गाडी चालवता येत नाही, खड्ड्यात घालतेस आणि चाकांना नावं ठेवतेस. ती शांत राहिली, आणि तेच मला झोंबलं. मी आणखी बोललो. तिची नोकरी, तिचं वेगळं राहणं, सगळं काढलं. शेवटी ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला वस्तू नको असते. समोरचा पडलेला हवा असतो."

हे वाक्य मी तीन आठवडे उरात घेऊन फिरत होतो. पाठीवर गोण्या वाहून ज्यानं तिला शिकवलं त्याला ती असं बोलते. एकाच घरात असून शनिवार-रविवार आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी पहाटे मार्केटला निघायचो, ती उठायच्या आत. मीच वाट बघत होतो की ती आधी बोलेल. ती चाकं दाखवून घेऊ म्हणत होती, आणि मी तिच्या माफीची वाट बघत होतो.

एक्सप्रेस वेवर टेम्पोनं जेवढं जोरात जाता येईल तेवढा गेलो. मागच्या गोण्या सरकल्याचे धक्के बसत होते. रस्त्याच्या कडेला कुठे गाडी थांबलेली दिसली की वेग कमी करून तिचा रंग बघायचो. एका वळणावर चारपाच माणसं उभी होती, पिवळं काहीतरी चमकलं. मी ब्रेक दाबला. रस्ता दुरुस्तीवाल्यांची जाकिटं होती. मला मागून हॉर्न मारत एक बस गेली, आणि मी त्या ड्रायव्हरला एकही शिवी दिली नाही.

फूड मॉलच्या पार्किंगमध्ये पहिली रांग बघितली, नव्हती. दुसरी बघितली. मनात हिशेब चालू होता: ती अर्ध्या तासापूर्वी इथून गेली असेल तर आता घाटात असेल, उजवीकडे कठडा, मागे कंटेनर. तिसऱ्या रांगेच्या टोकाला, झाडाखाली, पिवळी गाडी होती. आत कोणी नव्हतं, तिचा फोन स्टँडवरच होता.

मी टेम्पो तसाच आडवा सोडला आणि गाडीजवळ गुडघ्यावर बसलो. बाहेरून चारही चाकं सुंदर दिसत होती. मोबाइलचा टॉर्च लावून आतल्या बाजूने बघितलं. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या कडेला बोटभर लांब भेग होती. तिच्यात काळी धूळ बसलेली. म्हणजे आजची नव्हती.

"इथेपण आलात?"

ती मागे उभी होती, हातात कागदी प्लेट. तिला वाटलं मी भांडायला आलोय. मी टेम्पोचं दार उघडलं आणि तुटलेला आरा तिच्या हातात दिला. तिनं तो उलटासुलटा करून बघितला, भोकांवरून अंगठा फिरवला.

"हे तुमच्या टेबलाचं?"

"हो. गोणी पडली त्याच्यावर."

"आणि हे?" तिनं वाकून चाकाच्या आत बघितलं. मी टॉर्च धरला. तिनं तुकडा माझ्याकडे परत दिला आणि टॉर्च स्वतः घेतला. बराच वेळ ती वाकलेलीच होती.

मग उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्हाला माहीत होतं का?"

मी नाही म्हणू शकलो असतो. सगळं दुकानदारावर ढकलायची वाक्यं मी कळंबोलीपासून मनात जुळवत आलो होतो. त्यानं फसवलं, त्याला मी सोडणार नाही, त्याचं दुकान बंद करतो.

"त्यानं सांगितलं होतं," मी म्हणालो. "शोसाठी आहेत म्हणाला होता. मला वाटलं भाव वाढवतोय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडण्याला उत्तर देता येतं. तिनं प्लेट गाडीच्या टपावर ठेवली, बॅग काढली, फोन आणि लॅपटॉप काढला आणि चावी माझ्या हातात दिली.

"तुला टेम्पोनं सोडतो," मी म्हणालो.

"मी बसनं जाते."

"मला फोन करायचास ना, थरथर वाढल्यावर."

"केला असता तर काय झालं असतं? तुम्ही टोइंगवाल्याशी घासाघीस करत बसला असतात, मी उन्हात."

ती पुण्याच्या बसकडे निघाली. चार पावलांवर थांबून परत आली. मला वाटलं काही बोलेल. तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "तो तुकडा द्या. तो मी ठेवते."

मी दिला. तिनं तो रुमालात गुंडाळून बॅगेत टाकला.

टोइंगवाला आला तेव्हा ऊन कलत होतं. त्यानं भाव सांगितला, जास्तच होता. मी हो म्हणालो, आणि त्यालाच चमत्कारिक वाटलं. टपावर तिनं न खाल्लेला वडा तसाच होता. गाडी ओढून नेताना तो खाली पडला.

संध्याकाळी तिच्या आईला फोन आला, पोचले म्हणून. चार जुनी चाकं, वाकलेली होती ती सरळ करून घेऊन, आता गाडीला आहेत. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. त्या दुकानात मी अजून गेलेलो नाही. दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. रोज मनात त्याच्याशी भांडतो, आणि रोज तो मला एवढंच विचारतो, सेठ, बोला था ना?

मुलगी माझा फोन उचलत नाही. आईचा उचलते. रात्री जेवण झाल्यावर बायको फोन स्पीकरवर टाकते, आणि मी शेजारी गप्प बसतो.