पप्पांच्या मिक्सरची घुं

या ग्रुपवरचे अनुभव मी दोन-तीन वर्षं वाचतेय, पण खरं सांगते, हसायला वाचते. जेवणाच्या सुट्टीत कंपनीतल्या मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवते आणि कुणाचा पिंपळ, कुणाची पांढरी साडी यावर आम्ही खिदळतो. माफ करा, पण आहे हे असं आहे. आमच्या घरात भूतखेत हा विषयच नव्हता. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. लहानपणी एकदा मी "मोरीत काहीतरी आहे" म्हणून रडले, तर पप्पांनी हातात टॉर्च दिला. "जा, बघून ये आणि मला सांग काय आहे ते." बादली होती.

मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, अंबरनाथला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... तरी लिहिते.

मिक्सर म्हणजे चटणीचा नव्हे, आवाजाचा. आई गायन पार्टीत गायची — भीमगीतं, बुद्धगीतं. अंबरनाथ, उल्हासनगरचे कॅम्प, पार बारवी धरणाकडच्या पाड्यांपर्यंत कार्यक्रम असायचे. भाड्याच्या साउंडवर तिचा आवाज चिरका यायचा, म्हणून पप्पांनी घरीच मिक्सर बनवला. ते इलेक्ट्रिशियन होते. जुन्या व्हीसीआरचं पत्र्याचं खोकं, कॅम्प चारच्या किशिन अंकलच्या वर्कशॉपमधून निवडून आणलेले पार्ट आणि चार चॅनल. पहिल्या चॅनलच्या नॉबवर आईच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका. तो नॉब फक्त तिचा, दुसऱ्या कुणी फिरवला की पप्पा सरळ हातावर फटका द्यायचे. अजूनही कंपनीत सोल्डरिंगचा वास आला की मला आमची तळमजल्यावरची जुनी खोली आठवते आणि भरून येतं.

मिक्सर झकास होता, पण त्याला एक खोड होती. त्यातून सतत बारीक घुंऽऽ यायची. घरी बनवलेल्या सेटमध्ये ती येतेच. अर्थिंग नीट नसलं की लाइटची घुं आवाजात शिरते. पप्पांनी सगळे उपाय केले आणि शेवटी जुगाड सापडला. खोक्याच्या पत्र्यावर हात ठेवला की घुं कमी व्हायची. आमच्या हाताने कमी व्हायची, त्यांच्या हाताने पूर्ण थांबायची. "माझ्या हाताला घाम जास्त. सायन्स आहे, चमत्कार नाही," हे ते आल्यागेल्याला समजावून सांगायचे. मग काय, अख्खा कार्यक्रम चप्पल काढून, पाय जमिनीला टेकवून, डावा हात मिक्सरवर ठेवून बसायचे. लोकांना वाटायचं, काय माणूस आहे, मशीनपुढे पण चपला काढतो!

हात ठेवायचीही एक पद्धत होती. आधी बोटं, मग सावकाश तळवा. त्यामुळे घुं दोन पायऱ्यांत उतरायची. आई माइकसमोर डोळे मिटून थांबलेली असायची. घुं थांबली की तोच तिचा इशारा, तिथून तिचा सूर लागायचा. पंचवीस वर्षं हे असंच चाललं.

सहा वर्षांपूर्वी पप्पा गेले. आईने गाणं सोडलं, पार्टी पांगली, मिक्सर माळ्यावर गेला. तळमजल्यावर पुराचं पाणी शिरलं तेव्हा माळ्यावर होता म्हणूनच वाचला. पुढे आम्ही मांजर्लीतच, त्याच वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो.

यंदा आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करू, पण नंतर आवाजाची गॅरंटी नाही. मंगळवार ठरला. आई रडली नाही, फक्त म्हणाली, "भिवामामांचं गाणं तेवढं राहायला पाहिजे." भिवामामा म्हणजे पार्टीतले ढोलकीवाले, तेही आता नाहीत. त्यांनी रचलेल्या गाण्याचे शब्द वहीत आहेत, चाल मात्र फक्त आईच्या गळ्यात.

मी मोबाईल पुढे धरला. तीनदा. ती डोळे मिटायची, तोंड उघडायची आणि थांबायची. "सुरुवातच सापडत नाही गं सुजे."

तेव्हा मिक्सर खाली काढला. घुं इतकी बारीक करायची होती, की माझा हात ठेवला तरी ती पूर्ण थांबेल. चार दिवस ड्युटीवरून आले की तेच. फुगलेले कपॅसिटर बदलले, नवी शील्डेड वायर टाकली, सगळे अर्थ एका ठिकाणी आणून जोडले, ट्रान्सफॉर्मर आडवा करून लांब नेला. जुन्या खोलीतल्यासारखी अर्थची वायर नळाला बांधली आणि मग लक्षात आलं की इथले पाइप पीव्हीसीचे, त्यातून अर्थ मिळणारच नाही! स्वतःलाच शिव्या घातल्या. घुं निम्मी झाली, पण हात ठेवूनही पूर्ण गेली नाही.

शनिवारी मिक्सर घेऊन किशिन अंकलकडे गेले. त्यांचे हात आता थरथरतात, पण त्यांनी कान लावून ऐकलं.

"वायरिंग एकदम फर्स्ट क्लास केला बेटी. तेरे पापा से भी साफ."

"मग घुं का येते अंकल?"

"अरे साईं, तुझा पप्पा हात ठेवून काम चालवायचा ना. अब वो हात का पार्ट मैं किधर से लाऊँ?" असं म्हणून चष्मा पुसत बसले.

रविवार, सकाळचे अकरा. बाहेर लख्ख ऊन, खाली भाजीवाला ओरडत होता. फ्रिज, पंखा, ट्यूब, सगळं बंद केलं. रेकॉर्डिंगसाठी मिक्सरला जोडलेला लॅपटॉप बॅटरीवर. आईच्या कानाला हेडफोन, माझ्याही. मी चप्पल काढून पत्र्यावर हात ठेवला. घुं कमी झाली, संपली नाही. आईने डोळे मिटले, ओठ उघडले... मिटले. पाच वेळा झालं. मधूनमधून खोकला. डॉक्टरांनी बोलायचंही कमी सांगितलेलं आणि मी तिला असं बसवून ठेवलेलं.

"राहू दे सुजे," ती म्हणाली. "नाही होणार."

मला पप्पांचा राग आला. गेल्याचा नाही, आईला अशी सवय लावून गेल्याचा. मी हात काढून घेतला. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि रडायला लागले.

आणि घुं उतरली. आधी थोडी. मग सावकाश... पूर्ण.

आईने डोळे उघडले नाहीत. सूर लावला. साठीतल्या, आजारी बाईचा आवाज होता, वर जाताना दोनदा चिरला, पण चाल एकही जागा न चुकता आली. मी श्वाससुद्धा तोंड दाबून घेत होते. चारही कडवी झाली, शेवटची ओळ तिने पप्पांना आवडायची तशी लांबवली. ती संपली आणि घुं परत आली.

"आई... तू ऐकलंस?"

"काय?"

"घुं थांबली होती."

"मग? त्याशिवाय मी सुरू केलं असतं का?" असं म्हणून ती पाणी प्यायला आत गेली.

मी स्वस्थ बसणारी नाही. वॉचमनला विचारलं, पाण्याचा पंप चालू-बंद झाला होता का? नाही. शेजारी कुणी गिझर, मोटर काही बंद केलं का? कुणी नाही. दुसऱ्या रविवारी त्याच वेळी, तसंच सगळं बंद करून पुन्हा रेकॉर्ड केलं. घुं एक क्षणही थांबली नाही. फाइल मात्र आहे माझ्याकडे. स्क्रीनवर घुंची जाड पट्टी दिसते, ती एक पायरी उतरते, मग दुसरी, मग सपाट. ढिला जोड असता तर एकदम तुटली असती. किशिन अंकलना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मला चहा पाजला, एवढंच.

कारण मला अजून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी जाणकार असेल तर जरूर सांगा, मला सायन्समधलंच उत्तर हवंय. पप्पांनाही तेच आवडलं असतं.

ऑपरेशन झालं. आई बरी आहे, आवाज मात्र गेला. आता ती वहीत लिहून बोलते. परवा तिला ते गाणं पेनड्राइव्हवर टाकून देताना मी म्हटलं, "सुरुवातीची घुं कापून टाकते, एकदम क्लीन होईल."

तिने जोरजोरात मान हलवली, वही ओढली आणि लिहिलं, "कापू नकोस. मला ती थांबलेली ऐकायची असते."