करड्या पडद्यावरचा पाय

बाईंच्या आधी बाईंच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. सव्वीस वर्षं त्यांनी इस्पितळात ड्रेसर म्हणून काढली होती. म्हणजे डॉक्टरांनी कापायचं, नर्सने टोचायचं, आणि मागे उरलेली जखम रोजच्या रोज धुऊन, पुसून, पट्टी बांधून बरी करायची ती बाईंनी, आणि तीही उभ्याने. गुडघ्यांनी आधी कुरकुर केली, मग सरळ संप पुकारला, आणि बावन्नाव्या वर्षी बाई घरी बसल्या. घरी निवृत्त बसड्रायव्हर नवरा आधीपासून बसलेला होताच. एका म्यानात दोन तलवारी एक वेळ राहतील, पण एका घरात दोन रिकामी माणसं राहणं कठीण. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी भाचीला सांगितलं, बसून करायचं कसलंही काम असेल तर बघ, अगदी कसलंही.

भाचीने शोधून आणलेलं काम असं होतं: लोक मोबाईलवर जे फोटो आणि व्हिडिओ टाकतात, त्यांच्याबद्दल कुणी तक्रार केली की ते बघायचे. नियमात बसतं ते ठेवायचं, नाही बसत ते काढायचं, आणि अधलंमधलं असेल त्याच्यावर झाकण घालायचं. झाकण म्हणजे 'हे बघून त्रास होऊ शकतो' अशी पाटी. ज्याला बघायचंच आहे त्याने ती बाजूला सारून बघावं.

मुलाखत घेणारी पोरगी बाईंच्या भाचीहूनही लहान होती. तिने फार काळजीच्या आवाजात विचारलं, रक्त वगैरे बघून तुम्हाला त्रास होतो का.

"रक्ताचा नाही होत," बाई म्हणाल्या. "नातेवाइकांचा होतो."

नेमणूक तिथल्या तिथे झाली.

ऑफिसात साठ माणसं होती आणि बहुतेकांना दाढीमिशा किंवा लग्नाची स्थळं नुकतीच येऊ लागली होती. त्यांनी पहिल्याच दिवशी बाईंना मावशी करून टाकलं. मावशींना पुष्कळशा गोष्टी कळत नसत. एखादा विनोदी फोटो आला की त्या शेजारच्या मुलीला विचारत, यात हसायचं कुठे. तिने समजावून सांगितलं की मावशी गंभीरपणे मान डोलवत आणि मग न हसताच तो ठेवून देत. पण जखम आली की साठच्या साठ माना मावशींच्या टेबलाकडे वळत. एकदा कुणीतरी हात कापल्याचा भयंकर व्हिडिओ टाकला होता, अख्खी रांग डोळ्यांवर हात घेऊन बसली. मावशींनी चष्मा सारखा केला आणि निर्णय दिला: हा टोमॅटो सॉस आहे, रक्ताला एवढा उत्साह नसतो.

तिथली एक व्यवस्था मात्र खरोखर शहाणपणाची होती. सगळे पडदे मुळात करड्या रंगात, आवाज बंद. दिवसाला चारशे वाईट गोष्टी बघणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या घर करून बसू नयेत म्हणून हा बंदोबस्त. ज्याला हवं त्याने बटण दाबून रंग लावून घ्यावा. जखम आली की मावशी सवयीने ते बटण दाबत.

तर एका सोमवारी मावशींपुढे एक पाय आला. म्हाताऱ्याचा पाय, साखरेच्या दुखण्याने चिघळलेला, अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम. ती धुणाऱ्या माणसाचे फक्त हातमोजे दिसत होते. कुठल्याशा लहान गावातला तो ड्रेसर होता, आणि घरच्या घरी जखम कशी स्वच्छ ठेवायची, डॉक्टरकडे कधी धावायचं, हे पायागणिक समजावून सांगत होता. असे दोनशे बारा व्हिडिओ त्याच्या खात्यावर होते. एका बाईने खाली लिहिलं होतं की आमच्या गावात पट्टी करणारं कुणी नाही, मी वडिलांचा पाय रोज तुम्हाला बघूनच धुते. मावशींनी आवाज लावून चार मिनिटं ते सगळं बघितलं, धंद्यातला माणूस दुसऱ्या धंदेवाल्याला बघतो तसं, दोन ठिकाणी नाक मुरडून आणि बाकी ठिकाणी मान डोलवून. मग त्यावर झाकण घातलं आणि ठेवून दिला.

आता या ऑफिसात दर शंभरातले पाच निर्णय दुसऱ्यांदा तपासले जात. ते तपासायचे एका अठ्ठावीस वर्षांच्या, काटकुळ्या, कडक इस्त्रीच्या तरुणाने. त्याला सगळे टक्के म्हणत, कारण तो महिन्याअखेरी प्रत्येकाला टक्के वाटत असे. पंच्याण्णवच्या खाली दोन महिने राहिलात की पुन्हा प्रशिक्षण, आणि त्यानंतर घर. मावशी पंच्याण्णववर एका पायावर उभ्या होत्या.

मंगळवारी टक्केने मावशींचा निर्णय फिरवला. कारण लिहिलं होतं, 'सडलेला अवयव, काढून टाका.' त्या खात्याचे आधी दोन व्हिडिओ असेच काढले गेले होते. हा तिसरा. तिसऱ्यानंतर खातंच बंद. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता, दोनशे बाराच्या दोनशे बारा पायांसकट.

त्या ड्रेसरला कळवायला नियमाने बंदी होती. मावशींना एकच गोष्ट करता येण्यासारखी होती, ती म्हणजे हरकत घेणं. ती फेटाळली गेली तर चूक दुप्पट धरली जाई, म्हणजे मावशी सरळ चौऱ्याण्णववर. शेजारची मुलगी समजुतीने म्हणाली, "मावशी, जाऊ दे ना. एका व्हिडिओसाठी कशाला?"

"ती बाई गुरुवारी बापाचा पाय कुणाला बघून धुणार?" मावशींनी विचारलं, आणि हरकतीच्या चौकटीत एकेक अक्षर शोधत टाइप केलं: पाय सडलेला नाही. पाय बरा होतोय. मी असे पाय सव्वीस वर्षं बघितलेत.

बुधवारी तीन वाजता टीम लीडर मॅडमनी दोघांना लहान खोलीत बोलावलं. टक्केने भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर व्हिडिओ लावला, आणि मावशी चपापल्या. त्यांच्या ओळखीचा तो पाय तिथे नव्हताच. करड्या पडद्यावर जखमेच्या जागी काळंकुट्ट भगदाड होतं. पोराची काय चूक, त्यांच्या मनात आलं. लाल रंगाला करड्या पडद्यावर दुसरं काय होता येणार?

"रंग लाव बघू," त्या म्हणाल्या.

टक्के हलला नाही. मॅडमनी माउसकडे हात नेला तशी त्याने खुर्ची मागे सरकवली. मग टेबलाकडे बघत त्याने सांगितलं, की नोकरीच्या पहिल्या महिन्यात त्याने एक गोष्ट रंगात बघितली होती. त्यानंतर दोन वर्षं तो सगळं करडंच बघतो. ती गोष्ट काय होती हे त्याने सांगितलं नाही, आणि मावशींनीही विचारलं नाही. साठ जणांच्या चुका काढणाऱ्या त्या इस्त्रीच्या शर्टाचा गळा घामाने भिजला होता.

वॉर्डात अशी माणसं मावशींनी शेकड्यांनी हाताळली होती. पट्ट्यांच्या ट्रॉलीचा आवाज आला की पहिलवानसुद्धा पांघरूण तोंडावर ओढून घेत. त्यांना त्या जे सांगत तेच त्यांनी सांगितलं, "तू भिंतीकडे बघ. काय दिसतंय ते मी सांगते."

टक्के खरोखरच वळला. भिंतीवर आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटांचा नकाशा होता, त्याकडे तो बघत राहिला. मॅडमनी रंग लावला.

"काळं कुठे नाही," मावशी बोलू लागल्या, त्याच जुन्या संथ आवाजात. "पिवळं नाही. मध्ये ओलं लाल आहे, ते चांगलं मांस. कडेने नवी कातडी धरलीय. दात यायच्या आधी बाळाच्या हिरड्या कशा असतात, तशी गुलाबी. आता तो कापूस आतून बाहेर फिरवतोय, बरोबर करतोय. आता तळव्याला हात लागला त्याचा. अरे देवा, म्हाताऱ्याने बोटं आखडली. गुदगुल्या होताहेत त्याला." मावशींना हसू फुटलं. "साखरेच्या पायाला गुदगुल्या म्हणजे पायात जीव आहे, बाबा."

"खरंच आखडली?" भिंतीकडे बघत टक्केने विचारलं.

"पुन्हा आखडली."

टक्के वळला. तीन सेकंद बघितलं, डोळे मिटले, आणि पुन्हा उघडून बघितलं. बोटं आखडून म्हातारा पाय मागे घेत होता आणि हातमोजे तो पुढे ओढत होते.

"गुलाबी आहे," टक्के म्हणाला. मग त्यानेच हळू आवाजात कबूल केलं, की आधीचे दोन व्हिडिओही त्यानेच काढले होते.

साडेचार वाजता त्याने स्वतःच्या हाताने तिन्ही निर्णय फिरवले. मॅडमनी वर कळवलं, आणि पंधरा दिवसांनी नियमावलीत दीड ओळीची भर पडली: उपचार चालू असलेली जखम रंगात बघूनच ठरवावी, ज्याला ते बघवत नसेल त्याने दुसऱ्याकडे द्यावी. हिरड्यांचा दाखला वरच्यांनी गाळला, याचा राग मावशींना आजही आहे. टक्के आता जखम आली की मावशींच्या टेबलाशी येतो आणि पडद्याकडे पाठ करून उभा राहतो. सुरुवातीला पाठ शेवटपर्यंत तशीच असायची. हल्ली मावशींचं अर्धं वर्णन व्हायच्या आतच मान वळते.

त्या गुरुवारी संध्याकाळी मावशींनी घरी, चारचौघांसारखं, स्वतःच्या मोबाईलवर ते खातं उघडलं. माणूस बुचकळ्यात पडला होता. काल खातं बंद होणार असा निरोप आला, मग चूक झाली असा दुसरा आला, मधे कुणी काय केलं काही कळलं नाही, असं म्हणून त्याने पुढचा पाय हातात घेतला. खाली त्याच बाईने विचारलं होतं, बाबांच्या जखमेच्या कडेचा रंग बदललाय, कड गुलाबी दिसतेय, काळजीचं आहे का.

मावशींचा अंगठा अक्षरांवर गेला आणि थांबला. तपासलेल्या खात्याशी बोलायचं नाही, हा नियम. त्या मोबाईल हातात घेऊन बसून राहिल्या. नवऱ्याने दोनदा हाक मारली तरी ओ दिली नाही. दहा मिनिटांनी ड्रेसरचं उत्तर आलं: ताई, गुलाबी म्हणजे कातडी धरतेय, धुणं चालू ठेवा, आणि या आठवड्यात एकदा डॉक्टरांना दाखवा.

"बरोबर," मावशी मोठ्याने म्हणाल्या.

"काय बरोबर?" नवऱ्याने विचारलं.

"एका म्हाताऱ्याचा पाय," मावशी म्हणाल्या, आणि भाजी टाकायला उठल्या.