न चाखलेला नैवेद्य

गेल्या पौषात मला ताप आला. चार दिवसांत उतरला, पण जाताना माझं नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी आणि लिंबाचं लोणचं म्हणजे ओला पुठ्ठा, अशी गत झाली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. हळूहळू म्हणजे किती, ते त्यांनाही सांगता येईना. दुसऱ्या कुणाचं यावाचून फारसं अडलं नसतं. पण मी फणसवाडीत पोळी-भाजी केंद्र चालवते, आणि चव गेलेली स्वयंपाकीण म्हणजे काय, हे मी सांगायला नको. मी हे कुणालाच कळू दिलं नाही. मुलाला नाही, सुनेलाही नाही.

लपवणं सोपं गेलं, त्याचं कारण आमची रीत. केंद्र म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरची एक खोली, चार टेबलं आणि भिंतीवर दत्तगुरूंची तसबीर. यजमान गेल्यावर मी हे सुरू केलं, त्याला आता बावीस वर्षं झाली. रोज अकराला त्याच पातेल्यांतून देवाचं पान वाढायचं, नैवेद्य दाखवायचा आणि मग शटर उघडायचं. नैवेद्याआधी अन्न चाखायचं नाही, हे सासूबाईंनी शिकवलं ते मी कधी मोडलं नाही. मीठ मला वासावरून कळायचं. आमटी उकळताना मीठ बरोबर असेल तर वासच वेगळा येतो. ज्यांनी जन्मभर रांधलंय त्यांना हे पटेल. आता वासच गेला होता. मीठ घातलं की नाही, याची शंका यायची. कधी दुसऱ्यांदा घालायची, कधी घातलंच असेल म्हणून पुढे जायची. आणि कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं, आमच्यात चाखत नाहीत. माझं सोवळं माझ्या भीतीची ढाल झालं होतं, हे आज कबूल करते.

दिवसही वाईट होते. समोरची दोन ऑफिसं उपनगरात गेली. काम नाही म्हणून सोन्याचे कारागीर गावी परतले. शेजारच्या शिंप्यानं मशीन विकून टाकलं. उरलेल्यांचं जेवण मोबाइलवर येऊ लागलं. माझी पस्तीस ताटं होती, ती बारा-तेरावर आली. मी सकाळ-संध्याकाळ मंदीला शिव्या घालत होते. मुलगा डोंबिवलीहून फोन करायचा, ‘आई, पुरे झालं आता, इकडे ये.’ पण बंद करायला मन धजत नव्हतं. या खोलीनं मला नवऱ्यामागं ताठ मानेनं जगू दिलं होतं. शेवटी एका बुधवारी मी तसबिरीसमोर बसले आणि देवाला चक्क मुदत दिली. म्हटलं, उद्या गुरुवार आहे. काही सांगायचं असेल तर उद्या सांग, नाहीतर परवापासून शटर खालीच राहील. देवाला मुदत देणारी मी कोण? पण बाईचं डोकं फिरलं की ती देवालाही ऐकवते.

गुरुवारी शटर वर केलं, तर बाहेर एक बाई उभी होती. पन्नाशीची असेल. खांद्याला मोठी पिशवी आणि त्यात तांब्या-पितळेची भांडी. वसईहून कल्हई करून घ्यायला आली होती, आणि कल्हईवाल्यानं दोन तास थांबायला सांगितलं होतं. तिला ताट वाढलं. तिनं आमटीचा एक घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘ताई, राग मानू नका, पण आमटीत मीठ दोनदा पडलंय. तुम्ही चाखली नाहीत का?’

मला झोंबलंच. मी म्हटलं, ‘आमच्यात नैवेद्याआधी चाखत नाहीत.’

‘बरोबर आहे,’ ती शांतपणे म्हणाली, ‘पण नैवेद्य झाला ना आता? मग आता चाखा.’

एवढं साधं वाक्य. दोन महिन्यांत ते मला माझं मला सुचलं नव्हतं, किंवा मी सुचू दिलं नव्हतं. वाटीत आमटी घेऊन तोंडाला लावली. नुसतं गरम, बाकी काही नाही. आणि मी त्या परक्या बाईसमोर रडायला लागले. ताप, नाक, जीभ, दिलेली मुदत, सगळं भडाभडा सांगून टाकलं. ताट बाजूला सारून तिनं हात धुतले, पदर खोचला आणि विचारलं, ‘कणीक आहे ना मळलेली?’ कणकेचे चार गोळे आमटीत सोडले, शिजलेलं वरण आणि गरम पाणी वाढवलं, चमच्यानं चाखत चाखत आमटी वळणावर आणली. भाजीत मीठ नव्हतंच, तेही घातलं. मग थंड झालेलं आपलं ताट जेवली आणि भांडी घ्यायला निघून गेली. मी नावही विचारलं नाही.

साडेबाराला नेहमीची मंडळी आली. त्यात पेडणेकर. माझगाव गोदीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झालीत, पण जेवायला अजून माझ्याकडेच येतात. त्यांनी पहिला घास घेतला आणि सवयीनं हात शर्टाच्या खिशात घातला. खिशातून तपकिरीची असते तेवढी डबी निघाली. डबी उघडली, आमटीकडे पाहिलं, पुन्हा एक घास घेतला आणि डबी बंद केली.

शेजारच्या टेबलावरच्या बँकेतल्या मॅडमना ते हळूच म्हणाले, ‘आज डबी नको.’

मी मागेच उभी होते. ‘कसली डबी, पेडणेकर?’

ते ओशाळले. डबीत मीठ होतं. मॅडमच्या पर्समध्ये तसाच एक मिठाचा पुडा होता, आणि मीठ जास्त पडेल त्या दिवसासाठी दह्याचा छोटा डबा. बारा माणसं दोन महिने हे करत होती. माझी पाठ वळली की मीठ भुरभुरायची, आमटीत पाणी घालायची, आणि जाताना ‘मस्त झालं होतं’ म्हणायची.

‘अहो, मग सांगायचं नाही का मला?’ मी जवळजवळ ओरडलेच.

‘वहिनी, तुमका मी काय आज वळखतंय?’ पेडणेकर म्हणाले. ‘सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी शटर ओढलं असतं. आजूबाजूची सगळी दुकानं गेली. म्हटलं, मीठ काय, घरून आणता येतं. तुमचं केंद्र कुठून आणायचं?’

ज्यांना खारट जेवण सोसलं नाही ती माणसं कधीच निघून गेली होती, आणि मी त्यांचं खापर मंदीवर फोडत बसले होते. उरली होती ती चवीसाठी येत नव्हतीच. त्या दुपारी बाराही जणांना दुसऱ्यांदा भात वाढताना फार दिवसांनी मी मनातून हसत होते.

लोक विचारतात, ती बाई कोण? दत्तगुरू कुठल्याही रूपात येतात म्हणे. मी वाद घालत नाही. पण खरं सांगायचं तर ती गणपतीच्या आधी पुन्हा आली, लेकीला घेऊन, आणखी भांडी कल्हईला टाकायला. मी पाया पडायला वाकले, तर घाबरून दोन पावलं मागे सरली. म्हणाली, ‘अहो ताई, मला भूक लागलीय, आधी वाढा.’ जेवून म्हणाली, भाजीत मीठ किंचित कमी आहे. मला तिचा राग आला नाही. तिच्या लेकीनं तांदळाची खीर मागून घेतली, यातच मी खूश झाले.

मी स्वतःसुद्धा भाजी मोबाइलवर मागवायला लागले होते, तेवढंच स्वस्त पडतं म्हणून. ते बंद केलं. कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे परत गेले, तर तिनं दोन टोमणे मारले आणि कोथिंबिरीची काडी वर घातली. ताटं आता बावीस-तेवीस होतात. वास अजून पुरता आलेला नाही, आणि मी तो देवाकडे मागणंही सोडून दिलंय. रोज सव्वाअकराला पेडणेकर स्वतःचा चमचा घेऊन येतात, प्रत्येक पातेल्यातलं चाखतात आणि गोदीत हुकूम सोडावा तसं सांगतात, ‘आमटीत अर्धा चमचा!’ मग मी घालते. बावीस वर्षं सगळं माझ्याच हातात हवं असा माझा हट्ट होता. तो एका चमच्यानं उतरवला.

नैवेद्य मात्र अजून अकरालाच दाखवते, पेडणेकर यायच्या आधी, न चाखता. म्हणजे मीठ चुकलंच असेल तर ते पान पहिलं देवाच्या वाट्याला जातं. हात जोडून मी त्याला एवढंच सांगते, माझं चुकलेलं तेवढं तू घे, बाकीचं आम्ही सगळे मिळून नीट करून घेतो. दोन महिने त्यानं ते मुकाट्यानं खाल्लं होतं, आणि मुदत संपायच्या दिवशी भुकेल्या माणसाला माझ्या दारात उभं केलं होतं.