शिवू प्रोग्रामला गेलाय

माणूस गेला की त्याचे किस्से हळूहळू आटतात, असा आपला समज असतो. वर्ष-दोन वर्षं लोक आठवण काढतात, मग तेच ते ऐकून कंटाळतात. आमच्या शिवूचं उलटं झालं. तो जाऊन सहा वर्षं झाली आणि किस्से अजून वाढतायत. जिवंत होता तेव्हा जेवढे होते, त्याच्या दुप्पट आता आहेत. यात त्याचा काही दोष नाही. दोष असलाच तर आमचा, आणि आमच्यातही जास्त मेहबूबचा!

आधी ओळख करून देतो. सीमेवरच्या आमच्या राजेश्वर गावात माझं साऊंड सर्व्हिसचं दुकान आहे. ईरण्णा कीबोर्ड वाजवायचा. मेहबूब ढोलक वाजवायचा आणि टेम्पोही चालवायचा. आणि माइकवर शिवराज, म्हणजे शिवू. लग्न, जत्रा, शाळेचं गॅदरिंग, कुणीही बोलावलं की आम्ही चौघं हजर. लोक आपल्याला गाण्यासाठी बोलावतात, असं ईरण्णाला वाटायचं. खरं म्हणजे लोक शिवूच्या कॉमेडीसाठी बोलवायचे आणि तो पाणी प्यायला थांबला की तेवढ्यापुरती गाणी ऐकून घ्यायचे.

*

शिवूच्या करिअरची सुरुवातच गैरसमजातून झाली.

त्याच्या वडिलांचं, अप्पांचं, बाजारात भांड्यांचं दुकान आहे. लग्नाच्या भांड्यांवर मशीननं नाव टाकायचं काम अप्पा स्वतः करतात. एकदा टाकलेलं नाव खोडता येत नाही, म्हणून काम चालू असताना ते बोलत नाहीत. काम नसतानाही फारसं बोलत नाहीत. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं. अप्पांचं गिऱ्हाइकाशी मराठी आणि राग आला की कन्नड.

पहिल्या प्रोग्रामच्या दिवशी शिवूनं दुकानात जाऊन विचारलं, "अप्पा, प्रोग्रामला जाऊ का?"

पोरानं माइकवर माकडचाळे करावेत हे अप्पांना मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. एकच शब्द टाकला, "होग!"

कन्नडात होग म्हणजे जा. आणि अप्पांच्या आवाजात म्हणजे चालता हो!

शिवू पळत येऊन टेम्पोत बसला. तोंडभर हसत होता.

"काय म्हणले?" मी विचारलं.

"'हो ग' म्हणले!"

"अरे, ते कन्नडातलं असंल की!"

"मला तर मराठीतलं ऐकू आलं," शिवू म्हणाला. "मेहबूबभाई, गाडी काढ!"

*

त्याच प्रोग्राममध्ये त्यानं हा किस्सा माइकवर सांगून टाकला. "आमचे अप्पा मला 'हो ग' म्हणतात. त्यांना पोरगी पाहिजे होती, निघालो मी! काय करतील बिचारे, 'ग' वाया जाऊ देत न्हाईत!"

मांडव हसून लोळला. तेव्हापासून तो त्याचा ठरलेला आयटम झाला.

जवळच्याच मेहकर गावात एका लग्नात नवरा मराठी घरातला होता, नवरी कन्नड. शिवूचा आयटम नुकताच संपला होता. पंगतीत नवरीनं हळूच विचारलं, "अजून एक जिलबी वाढू का?" नवरदेव लाजत म्हणाला, "हो ग."

नवरीची मावशी ताडकन उठली. "पोरीला जा म्हणायलाय! अजून हळद निघाली न्हाई अंगाची!"

नवरदेवाला घाम फुटला. शिवूनं माइक उचलला आणि सगळ्या पंगतीच्या वतीनं विचारलं, "दाजी, कन्नडातलं का मराठीतलं?"

नवरदेव ओरडला, "मराठीतलं! आईशप्पत मराठीतलं!"

मग ते वाक्यच चालू पडलं. बसमध्ये कंडक्टर 'हो' म्हणाला तरी मागून कुणीतरी विचारायचं, "कन्नडातलं का मराठीतलं?" अप्पांच्या दुकानात तर येणारा प्रत्येक माणूस विचारायचा. आणि अप्पा दर वेळी मान खाली घालून एकच उत्तर द्यायचे, "कन्नडातलं!"

शिवू म्हणायचा, "एकदा अप्पांना 'मराठीतलं' म्हणू दे. त्या दिवशी हा आयटम बंद करतो आणि नवा बसवतो."

अप्पा काही म्हणाले नाहीत. शिवूचा एकही प्रोग्राम बघायला ते आले नाहीत. आयटम शेवटपर्यंत चालू राहिला.

*

एकोणतिसाव्या वर्षी शिवूला कावीळ झाली आणि दहा दिवसांत तो गेला. ते दिवस फार वाईट होते. त्याविषयी आमच्यात कुणी बोलत नाही, म्हणून इथंही सांगत नाही.

पंधरा दिवसांनी आमच्या गाण्याच्या पार्टीच्या फोनवर मेहकरहून कॉल आला. त्या लोकांना काही कळलं नव्हतं. फोन मेहबूबनं घेतला.

"शिवू पाहिजे होता. बारशाचा प्रोग्राम हाय."

मेहबूबनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "शिवू प्रोग्रामला गेलाय."

"कुठं?"

मेहबूबनं माझ्याकडं बघितलं. माझ्या मागं भिंतीवर पुण्याच्या एका स्पीकर कंपनीचं कॅलेंडर होतं.

"पुण्याला," मेहबूब म्हणाला.

"अरे वा! कधी येणार?"

"अब बडा प्रोग्राम है ना भाई. टाइम लगता."

फोन ठेवल्यावर ईरण्णा त्याच्यावर खेकसला. "खोटं कामून बोललास?"

"मेरे से नहीं बोला गया रे," मेहबूब म्हणाला. "तू बोल. ले, नंबर लगा."

ईरण्णानं फोन हातात घेतला, बराच वेळ धरला आणि चार्जिंगला लावून टाकला.

*

तिथून शिवूचं पुढचं करिअर सुरू झालं. रोज चहाच्या वेळी आम्ही तिघं माझ्या दुकानात बसायचो आणि त्याला थोडा पुढं सरकवायचो. मी त्याला पुण्यात टीव्हीच्या कॉमेडी शोमध्ये घेतलं. ईरण्णाचं म्हणणं, त्याला बेंगळूरलाच न्यायला हवं, कन्नड सिनेमात त्याच्यासारखा दुसरा नाही. मेहबूबनं दोघांना न विचारता त्याचे हैदराबादेत तीन शो लावून टाकले.

"एकाच हप्त्यात पुणे, बेंगळूर, हैदराबाद? माणूस हाय का एस.टी.?" ईरण्णा म्हणाला.

"विमान से जाता वो!" मेहबूब म्हणाला.

चौथ्या वर्षी मी शिवूला त्या शोचा परीक्षक केलं. मला वाटलं, बढती आहे, सगळे खूश होतील. ईरण्णा कप आपटून उठला.

"परीक्षक? खुर्चीत बसवून दुसऱ्याच्या जोकवर हसायला लावायलास त्याला? असं बसवलास तर मरंल रे तो!"

मेहबूबनं बशीतला चहा संपवला.

"ठीक है," तो म्हणाला. "परीक्षक कॅन्सल."

*

गंमत अशी की आमची ही थाप दुकानाबाहेर पडायला लागली. राजेश्वरात सगळ्यांना खरं माहीत होतं. पण आजूबाजूच्या गावांतून बुकिंगचे फोन यायचे, मेहबूब 'प्रोग्रामला गेलाय' म्हणायचा आणि ताजी खबर देऊन टाकायचा.

एकदा मंठाळचा एक पाव्हणा माइक दुरुस्तीला आला आणि मलाच सांगायला लागला, "परवा शिवूला टीव्हीवर बघितलो की! अंगानं सुटलाय आता."

मी गार पडलो. मेहबूबला मात्र राग आला. "मोटा कामून हुआ? ईरण्णा, इसकू डाएट पे डाल!"

पुढं एका गावच्या शाळेनं गॅदरिंगच्या पत्रिकेवर प्रमुख पाहुणे म्हणून शिवूचं नाव छापलं. पत्रिका माझ्याकडं आणून दिली, त्याला पाठवायला! खरं सांगायची वेळ आली होती. आम्ही तिघांनी तीन दिवस विचार केला आणि ईरण्णाच्या सुंदर अक्षरात पत्र गेलं, 'शूटिंगमुळे येणे शक्य नाही, मुलांना आशीर्वाद.'

साऊंड आमचाच होता, म्हणून आम्ही तिथं हजर होतो. हेडमास्तरांनी पत्र माइकवर वाचलं. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर हेडमास्तर म्हणाले, "मोठा झाला, आनंद आहे. पण मोठा झाला की माणूस गावाला विसरतो."

माइक माझा होता. बंद करावासा वाटला.

*

आठवड्याभरानं अप्पा माझ्या दुकानात आले. सहा वर्षांत पहिल्यांदा. आम्ही तिघंही होतो. मेहबूब उठून उभा राहिला. आता चपलेनं मार पडणार, अशी माझी खात्री झाली, आणि तो पडायलाच हवा होता.

अप्पा स्पीकरच्या खोक्यावर बसले. "पुण्यात कसं चाललंय त्याचं?" त्यांनी विचारलं.

मी कसंबसं म्हणालो, "अप्पा, चूक झाली. उद्यापासून बंद करतो."

"बंद करा म्हणून कोण म्हणलं?" अप्पा म्हणाले. "बाजारात बाहेरगावचे लोक विचारायलेत मला. पोरगा एवढा मोठा झाला, बापाकडं यायलाय का न्हाई? न्हाई म्हणलो की म्हणतात, बापाला विसरला. त्यो तसा नव्हता."

"न्हाई, अप्पा."

"खरं सांगावं म्हणून एकदा तोंड उघडलो बी. पण समोरचा माणूस त्याचा जोक सांगून हसायलता. मंग सांगितलो न्हाई." ते उठले. "तुम्ही त्याला एवढं फिरवलाव. पुणं म्हणू नका, हैदराबाद म्हणू नका. एकदा घरी आणा."

"कधी आणू, अप्पा?" मेहबूबनं विचारलं.

"ते तुम्ही बघा," अप्पा म्हणाले आणि गेले.

मला रडू आलं, ते मी खोकल्यात घालवलं. ईरण्णानं घालवलं नाही.

*

शिवूला घरी आणण्यात आमची जेवढी भांडणं झाली, तेवढी चौघांच्या पार्टीत कधी झाली नव्हती. तो काय खाणार इथपासून सुरुवात. मेहबूबनं बिर्याणी सुचवली. ईरण्णा म्हणाला, "लिंगायताचं घर हाय, शुद्धीवर हायस का?" शेवटी हुग्गी ठरली. गव्हाची खीर शिवूला आवडायची, यावर तिघांचं एकमत होतं.

ठरलं ते असं. सोमवारी दुपारी शिवू एकटाच आला, अप्पांच्या पाया पडला, हुग्गी खाल्ली आणि शूटिंग आहे म्हणून गेला. कुणाला भेटायला वेळ नव्हता. मंगळवारी आम्ही तिघं तीन दिशांना ही बातमी सांगत फिरलो.

घोळ एवढाच झाला की गाडीचा रंग ठरवायचा राहून गेला. मेहबूबनं भालकीच्या बाजूला पांढरी सांगितली. ईरण्णानं मंठाळकडं काळी सांगितली. बुधवारी ते लक्षात आल्यावर आमचे चेहरे पडले.

गुरुवारी मंठाळचा तोच पाव्हणा दुकानात आला. "शिवूकडं आता दोन गाड्या हायत म्हणं!"

*

पुढच्या बाजाराच्या दिवशी अप्पांच्या दुकानासमोर पुढाऱ्याच्या सभेसाठी आम्ही भोंगे बांधत होतो. मंठाळचा पाव्हणा पुतणीच्या लग्नाच्या घागरीवर नाव टाकून घ्यायला आला होता. भोवती बाहेरगावची पाच-सहा गिऱ्हाइकं होती.

"अप्पा," पाव्हण्यानं मोठ्यानं विचारलं, "पोरगं येऊन गेलं म्हणं?"

शिडीवर मेहबूब होता, खाली मी शिडी धरलेली. वायर गुंडाळणाऱ्या ईरण्णाचे हात थांबले.

अप्पांनी मशीन बंद केलं. नाव अर्धं झालं होतं. काम अर्ध्यात सोडलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"आलता की," अप्पा म्हणाले.

"मंग? काय म्हणला?"

"बसला. हुग्गी खाल्ला. दोनदा मागून घेतला." अप्पांनी घागरीवरचा चुरा हातानं पुसला. "निघताना दारात थांबला. म्हणला, अप्पा, प्रोग्रामला जाऊ का?"

"तुम्ही काय म्हणलाव?"

"मी म्हणलो, होग."

पाव्हण्याला राहवलं नाही. सहा वर्षांत ते वाक्य तो विसरला नव्हता. "कन्नडातलं का मराठीतलं?"

गिऱ्हाइकं हसायला लागली. मेहबूब शिडीवरून उतरायचा थांबला.

अप्पांनी मान वर केली. पाव्हण्याकडं बघितलं, मग आमच्या तिघांकडं.

"मराठीतलं," म्हणाले, आणि मशीन चालू केलं.