झाडेकाकांची लाल शाई

पहिल्याच भेटीत झाडेकाकांनी माझ्या हातातली ग्रीसगन हिसकावून घेतली आणि वाळूत फेकली. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. मी नदीवरच्या ग्वारीघाटाच्या जरा खालच्या अंगाला, आमच्या खात्याची बचाव-बोट काठावर ओढून तिच्या स्टिअरिंगमध्ये ग्रीस भरत होतो. मी भांडारपाल. बोटीची देखरेख कागदोपत्री माझ्याकडे होती.

"काय करून राहिला बे?" ते ओरडले.

"स्टिअरिंग जड चालतंय, काका."

"जड काहून चालतंय, ते पाहिलं काय? डोकं दुखलं की पायाला मलम लावतो काय तू?"

वामनराव झाडे संरक्षण खात्याच्या फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. शहरातल्या रांझी भागात राहत. आमच्या खात्याला दुरुस्तीसाठी जाणता माणूस हवा होता, म्हणून कोणीतरी त्यांना पाठवलं होतं. बुटके, रुंद मनगटांचे, आणि सकाळपासून रागावलेले. पण यंत्रावर मात्र मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नाही. "यंत्र खोटं बोलत नाही," ते म्हणत. "खोटं बोलतो त्याचा मालक."

बोट जुनी होती. मागे टांगलेलं इंजिन, पुढे मोटारीसारखं चाक, आणि दोघांना जोडणारी लांब केबल. बोटचालक सुखलाल बर्मन कित्येक दिवस सांगत होता, "भैयाजी, दाहिने बहुत कड़ा चल रहा है।" मी दर वेळी ग्रीस मारत होतो. दोन दिवस बरं वाटे, मग पुन्हा तेच.

काकांनी ग्रीसला हात लावला नाही. आधी केबल इंजिनाला जिथे जोडली होती तो दांडा सोडवला आणि एका हाताने इंजिन डावीकडे-उजवीकडे फिरवलं. देवघराच्या दारासारखं ते अलगद फिरलं. "इंजिन निर्दोष." मग केबल चाकापासूनही वेगळी केली आणि चाक फिरवलं. तेही मोकळं. "चाक निर्दोष. आता कोण उरलं?" उरली केबल. तिचं टोक त्यांनी पकडीत धरून ओढलं, तर ते वीतभरही सरकेना. आतली तार गंजून फुगली होती आणि मी भरलेलं ग्रीस तिच्याभोवती मेणासारखं घट्ट झालं होतं.

"हिला ग्रीस पाजणं म्हणजे मेलेल्याला काढा पाजणं. नवी केबल मागव. तोवर बोट पाण्यात जाणार नाही."

सगळं पुन्हा जोडून त्यांनी रजिस्टर मागितलं आणि लाल शाईत लिहिलं, "चलाने योग्य नहीं." खाली सही केली, इतकी दाबून की मागच्या पानावर उमटली.

केबल आली नाही. स्नानाचं पर्व मात्र आलं. आमचे साहेब म्हणाले, "थोड़ा कड़ा ही तो है, चलता तो है न? घाट पर बोट दिखनी चाहिए।" मी त्यांना लाल शाईचं पान दाखवलं. त्यांनी रजिस्टरचं पान उलटलं, कोरी बाजू माझ्यापुढे केली आणि पेन दिलं. मी "बोट ठीक है" असं लिहून सही केली. माझ्यावर कोणी बंदूक रोखली नव्हती. साहेब तर हसत होते. ते हसू आठवलं की अजूनही माझ्या कानशिलांत रक्त चढतं, आणि त्याहून जास्त माझ्या सहीचं वळण आठवलं की.

पर्वाच्या दिवशी दुपारी पलीकडच्या तीरावरून यात्रेकरूंनी भरलेली लाकडी नाव येत होती. सुखलालने बोट बाजूला घ्यायला चाक उजवीकडे फिरवलं आणि ते तिथेच अडकलं. बोट वळतच राहिली आणि थेट नावेवर निघाली. त्याने इंजिन बंद केलं, पण वेग जिरायला जागाच उरली नव्हती. तेव्हा तो पुढे धावला आणि नावेला ढकलून दूर ठेवण्यासाठी त्याने स्वतःचा उजवा हात मध्ये घातला. एक म्हातारी पाण्यात पडली, तिला लगेच काढलं. बाकी कोणाला ओरखडाही आला नाही. सुखलालची दोन बोटं मात्र चिरडली, ती कापावी लागली.

तिसऱ्या दिवशी प्राथमिक अहवाल आला. चालकाचा निष्काळजीपणा. चालक नशेत असल्याचा संशय. ज्या माणसाने आयुष्यात तंबाखूसुद्धा खाल्ली नव्हती, त्याच्याबद्दल!

चौथ्या दिवशी सकाळी झाडेकाका माझ्या दारात उभे होते. बायकोने खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"तू सही केली?"

"केली."

"काहून?"

"साहेबांनी सांगितलं."

"साहेबाची बोटं गेली काय बे?" त्यांचा आवाज इतका चढला की शेजारचे बाहेर आले. "मी लाल शाईनं लिहून ठेवलं होतं. लाल शाईनं! तुला वाचता येत नाही काय?"

ते जिन्यापर्यंत गेले आणि परत फिरले. "बोटीला कोणी पाना लावला, तर तुझी गाठ माझ्याशी आहे. आणि ते रजिस्टर सांभाळ. आज हरवलं तर समजून घे, तू पण हरवला."

रजिस्टर खरंच हरवणार होतं. त्याच दुपारी साहेबांनी ते "देखने के लिए" मागवलं. मी सांगितलं, सापडत नाही. ते माझ्या घरी, तांदळाच्या डब्यात होतं.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले. बोट काठावरच उभी होती. काकांना कोणी बोलावलं नव्हतं, तरी ते आले. त्यांनी दांडा सोडवून एका बोटाने इंजिन फिरवून दाखवलं. मग अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, "अब आप चाक घुमाइए, साहब।"

अधिकाऱ्यांनी एका हाताने प्रयत्न केला, मग दोन्ही हातांनी. त्यांचा चेहरा लाल झाला. चाक तसूभर हललं आणि अडलं.

"आपसे दो हाथों से नहीं घूमा," काका म्हणाले. "सुखलाल का एक हाथ तो रेस पर रहता है। अब बताइए, नशे में कौन था?"

आमचे साहेब पाण्याकडे बघत होते. अधिकाऱ्यांनी विचारलं, बोट ठीक असल्याची सही कोणाची? मी पुढे झालो, रजिस्टर उघडलं, आधी लाल पान दाखवलं, मग माझं. ती सही कोणाच्या सांगण्यावरून केली, तेही सांगितलं.

सुखलालवरचा ठपका निघाला आणि त्याला काठावरचं काम मिळालं. साहेबांची बदली झाली, अधिक चांगल्या जागी. माझी आडगावी, कुंडमला. काकांना पुन्हा कधी खात्याने बोलावलं नाही. जाण्याआधी मी त्यांना भेटायला गेलो. खरं सांगतो, मनात आशा होती. चौकशीत मी खरं बोललो होतो.

त्यांनी ती आशा ओळखली. "शाबासकी पायजे काय? सुखलालची दोन बोटं आणून दे, मग देतो."

दोन वर्षांनी ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं आणि मी कुंडमहून रांझीला गेलो. खोलीत सुखलाल आधीच बसला होता, उरलेल्या बोटांनी त्यांचे पाय दाबत होता. त्याने सरकून मला जागा दिली. मी तासभर बसलो. काका डोळे मिटून होते. मी निघायला उठलो तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"तुझ्यावरचा राग गेला नाही माझा."

"माहीत आहे, काका."

"मेल्यावर पण जाणार नाही. तिकडे काय काम आहे तुझ्याकडे?"

"गाड्या आहेत. जीप, ट्रॅक्टर."

"सह्या तूच करतो?"

"मीच."

काका सुखलालकडे वळून दमलेल्या आवाजात म्हणाले, "इसको अपना हाथ दिखा।"

सुखलाल संकोचला. "रहने दो, काकाजी।"

"दिखा!"

त्याने हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत धरून उभा राहिलो. काका म्हणेपर्यंत सोडायची माझी हिंमत नव्हती, आणि ते काही म्हणाले नाहीत. त्यांना झोप लागली होती. त्याच आठवड्यात ते गेले.