न सुटलेल्या जहाजाचे दोन प्रवासी

ती तक्रार मला आजही आठवते, आणि आठवली की आधी हसू येतं. त्या दिवशी मात्र हसण्यासारखं काहीच नव्हतं.

तंजावूरच्या राजवाड्याजवळच्या ठाण्यात मी तेव्हा इन्स्पेक्टर होतो. निवृत्ती तोंडावर आली होती. सकाळची हजेरी आटोपून गस्तीचे अहवाल चाळत होतो, तेवढ्यात एक गृहस्थ धापा टाकत आत आले. आमच्याच मराठी गल्लीतले निवृत्त शिक्षक. ठाण्यात तमिळ बोलायचं असतं, ह्याचंही त्यांना भान उरलं नव्हतं.

"साहेब, माझी अक्का आणि भावोजी जहाजावर आहेत म्हणून अस्के सांगतात, सगळी गल्ली सांगते. ते जहाजच गेलं नाही हो!"

त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि हकीकत काढून घेतली. भावोजींची सत्तरीची शांत झाली, तिला कॅनडातला एकुलता एक मुलगा येऊ शकला नव्हता. कित्येक वर्षं त्याचं येणं असंच पुढे ढकललं जात होतं. भरपाई म्हणून त्यानं आईवडिलांना समुद्रसफर भेट दिली. मुंबईहून जहाज, तांबड्या समुद्रातून थेट इजिप्त. गल्लीनं वाजतगाजत निरोप दिला, अक्कांची ओटी भरली. दोघं रिक्षात बसून रेल्वे स्टेशनला गेली आणि त्या दिवसापासून आईचा मुलाला रोज एक संदेश येत होता : समुद्र शांत आहे, न्याहारी बरी होती, बाबा झोपलेत.

पण त्या सकाळी मुलाला विमा कंपनीचा मेल आला. मार्गावर युद्धाचा धोका असल्यामुळे जहाज निघालंच नाही, प्रवास सुरू झाला नाही, सबब पॉलिसी बंद करण्यात येत आहे. पाठोपाठ आईचा संदेश : समुद्र शांत आहे.

मुलानं फोन लावले. कुणी उचलले नाहीत. "जहाजावर बोलता येत नाही," एवढंच लिहून आलं आणि फोन बंद झाला. तेव्हा त्यानं मामाला, म्हणजे ह्या शिक्षकांना, कळवलं.

स्वतःला पोलीस म्हणवणारे भामटे म्हाताऱ्या माणसांना फोनवरून घाबरवतात, एखाद्या खोलीत बसवून ठेवतात आणि घरच्यांना खोटं कळवायला लावतात, अशी प्रकरणं तेव्हा ओळीनं येत होती. हे तसंच दिसत होतं. दोन माणसं बेपत्ता असल्याचा गुन्हा नोंदवला, फिर्यादीला प्रत दिली, फोन कुठल्या टॉवरखाली आहे ते काढायला सायबर शाखेला पत्र धाडलं. त्यांचं उत्तर कधी येईल ते त्यांनाच ठाऊक. मग शिक्षकांना विचारलं, "संशय कुणावर?"

"त्या ट्रॅव्हल एजंटावर! बातम्या ऐकून अक्का घाबरली होती. नक्को जायला, रद्द कर म्हणून दोनदा सांगितलं त्याला. त्यानं रद्द करू दिलं नाही."

एजंट बसस्टँडजवळ छोटं दुकान चालवायचा. पोलीस त्याला घेऊन गेले ही बातमी माझ्या जीपच्या आधी गावभर पोचली. दुकानासमोर माणसं जमली आणि ज्यांनी त्याच्याकडून कधी बसचं तिकीटही काढलं नव्हतं, ते सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते. हे मी नोकरीभर पाहिलंय.

"रद्द का करू दिलं नाहीस?" मी तमिळमध्ये सुरुवात केली.

"सार, युद्धाच्या नुकसानीचे पैसे विमा देत नाही. घाबरून आपण रद्द केलं तरी देत नाही. कंपनीनं रद्द केलं तरच सगळं परत मिळतं, नाहीतर दुसरी तारीख मिळते. म्हणून म्हटलं, अम्मा, थांबा. कंपनीला करू दे."

"आणि कंपनीनं केलं?"

"केलं. ते दोघं स्टेशनवर बसले होते तेव्हा. मीच धावत जाऊन सांगितलं."

"मग ते आहेत कुठं?"

"सुखरूप आहेत, सार. ह्याहून जास्त सांगायचं नाही असा अम्मांना शब्द दिलाय."

मी टेबलावर हात आपटला. सुखरूप आहेत असं कोंडून ठेवणाराही सांगतो! आवाज चढवला, अटकेची भीती घातली. ह्यानं शब्द मोडला नाही. पण एक गोष्ट मला खटकत होती. खोटं बोलणारा माणूस आपलं खोटं खपतंय का, हे बघायला सारखा तोंडाकडे पाहतो. ठाण्यातली कॉफी त्याच्या घशाखाली उतरत नाही. ह्यानं कॉफी मागून घेतली, फुंकर घालून प्यायला आणि साखर कमी आहे म्हणाला.

त्याला बसवून ठेवलं आणि शिक्षकांना घेऊन त्यांच्या अक्कांच्या घरी गेलो. किल्ली त्यांच्याकडेच होती. पंचांसमोर दार उघडलं. कपाटं बंद, गॅस बंद, झटापटीची खूण नाही. शेवटी देवघरासमोर उभा राहिलो. चौरंग रिकामा होता.

"देव कुठं आहेत?" मी विचारलं.

तमिळ सहकाऱ्याला हा प्रश्न सुचला नसता. आमच्या घरांत देवांना उपाशी ठेवून कुणी गावाला जात नाही. बरेच दिवस जायचं असलं की डबीत घालून देव नातलगाकडे पूजेला देतात. समुद्रापार तर नेतच नाहीत.

"आमच्याकडे ठेवले होते," शिक्षक म्हणाले.

"होते म्हणजे?"

"निघाली त्याच दिवशी अक्कानं स्टेशनवरून आमच्या हिला फोन केला. देव हवेत, माणूस पाठवते म्हणाली. सोवळ्याचं काय म्हणून हिनं विचारलं, तर म्हणते, देव समजून घेतील. हा एजंटच आला होता न्यायला. आम्हाला वाटलं, भीतीनं जहाजावर नेतेय."

मी तिथंच पायरीवर बसलो. कुणाच्या धाकाखाली असलेली बाई देव मागवत नाही. देव मागवते ती नैवेद्य करणार असते. म्हणजे तिच्याजवळ चूल आहे, पाणी आहे, आणि मनात स्वस्थता आहे.

ठाण्यात परतलो आणि एजंटाला एवढंच विचारलं, "देव कुठं पोचवलेस?"

त्यानं पेला खाली ठेवला आणि पहिल्यांदाच हसला. "आता तुम्हीच शोधलंत, सार. मी नाही सांगितलं." आणि ओरत्तनाडुपलीकडच्या एका गावाचं नाव सांगितलं. तिथं त्याच्या अत्तेचं, म्हणजे आत्याचं, घर होतं.

साध्या कपड्यांत निघालो. शिक्षक बरोबर होतेच. भाताची शेतं संपली, नारळाची बाग लागली, बागेमागे कालवा. कालव्याच्या पायरीवर भावोजी पाण्यात पाय सोडून बसले होते. अक्का ओट्यावर शेंगा निवडत होत्या. भावाला बघून चपापल्या. मी कोण ते त्यांना सांगितलं.

"ऐयो, पोलीस?" त्या उठल्या. "बसा, कापी करते. मग काय ते विचारा."

"अक्का, कॉफी राहू दे. मुलगा तिकडे रडतोय. त्याला खोटं का कळवलंत?"

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"त्याला येता येत नाही म्हणून त्यानं जहाज पाठवलं. किती खूश होता! खोलीला खिडकी आहे आई, खिडकीतून नुसता समुद्र दिसेल, म्हणून दहादा सांगत होता. त्याला कसं सांगू, जहाज नाही गेलं म्हणून? गल्लीत परतलो असतो तर संध्याकाळच्या आत त्याला फोन गेला असता. म्हटलं, त्यानं दिलेल्या सुट्टीचे दिवस आपण इथं काढू, मग घरी जाऊ."

"आणि समुद्र शांत आहे म्हणून लिहिलंत?"

"पाणी शांतच आहे की," भावोजी कालव्याकडे बोट दाखवत म्हणाले.

माझ्याच फोनवरून मुलाला व्हिडिओ कॉल लावला. आई दिसली आणि त्यानं तोंड पडद्याजवळ आणलं. मग म्हणाला, "आई, मला जहाज नको होतं गं दाखवायला. मला यायचं होतं." अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. शिक्षक नारळांकडे बघू लागले आणि मीही कुठंतरी बघू लागलो. असा आनंद पोलिसाच्या वाट्याला क्वचित येतो. बेपत्ता माणसांच्या प्रकरणात आम्ही बहुतेक वेळा वाईट बातमीच घेऊन जातो.

दोघांचे जबाब घेतले : स्वखुशीने आलो, कुणाची तक्रार नाही. प्रकरण बंद केलं. सज्ञान माणसाचा पत्ता त्याच्या मर्जीविरुद्ध द्यायचा नसतो, म्हणून शिक्षकांना बजावलं की गल्लीत अक्षर काढायचं नाही. सुट्टीचे राहिलेले दिवस दोघांनी तिथंच काढले. एजंटाला मी स्वतः जीपमधून दुकानावर सोडलं, सगळ्यांना दिसेल असं. ओरडणाऱ्यांपैकी तेव्हा एकही तिथं नव्हता.

बेपत्ता माणूस मागे काय टाकून गेला, ते शोधायला आम्हाला शिकवतात. त्यानं बरोबर काय नेलं हेही तितकंच बोलतं, हे मी त्या रिकाम्या चौरंगापाशी शिकलो. आणखी एक शिकलो. आईबाप मुलांना खोटं सांगतात ते पुष्कळदा मुलांचा आनंद मोडू नये म्हणून, आणि मुलंही तेच करत असतात. दोन्हीकडून सगळं शांत आहे असं कळवलं जातं आणि भेट तेवढी राहून जाते.

मी निवृत्त झाल्यावर एकदा बसस्टँडवर त्या एजंटानं हाक मारली.

"सार, त्या अम्मांच्या मुलानं तिकीट काढलं."

"कंपनीनं दुसरी तारीख दिली वाटतं? आता कुठं जाणार जहाज?"

"जहाज नाही, सार. ह्या वेळी विमानाचं काढलंय, आपल्या तिरुच्चीपर्यंतचं," तो म्हणाला. "स्वतःचं."